मखराखालची चार चाकं

हूफडॉर्प (नेदरलँड्स), २२ जानेवारी २००६

भार्गवी,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते सुचलं नाही. पूर्वी 'सौ.' लिहीत असे. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नकोस.

ग्रोनिंगनचं घर काल रिकामं केलं आणि किल्ली मालकाला दिली. सारंगच्या वस्तूंची एक पेटी आणि तुझ्या दोन पेट्या सांगलीला तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवल्या आहेत, साधारण सहा आठवड्यांत पोचतील. त्याचा लॅपटॉप ऑफिसने परत घेतला. बाळासाठी तुम्ही आणलेला पलंग तुमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला दिला. त्यांना पुढच्या महिन्यात मूल होणार आहे. तुला विचारायला हवं होतं, पण ते दोघं दारातच उभे होते आणि मला नाही म्हणता आलं नाही.

गाडी भंगारात गेली. विमा कंपनीच्या माणसाने ती तपासली होती. ब्रेक, स्टिअरिंग, सगळं ठीक होतं असं त्याने लिहून दिलं आहे. गाडीत दोष नव्हता. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी गाडी, असल्या हिवाळ्यासाठीच बनवलेली. तेव्हा वेग जास्त असावा, असंच म्हणावं लागतं. सारंगला वेगाची आवड लहानपणापासून होती, तुला माहीत आहेच.

आई नाशिकला नीट पोचली. तिच्या मनात तुझ्या फोनचं बसलं आहे. तू बोलावलंस म्हणून तो त्या हवेत निघाला, असं ती म्हणते. तू काळजीपोटी फोन केलास, यात तुझं काही चुकलं नाही, असं मी तिला सांगणार आहे. तिला थोडा वेळ दे. बारशाला ती येईल असं वाटत नाही.

प्रकृतीला जप. डॉक्टर सांगतील तसं कर.

चंद्रहास


हूफडॉर्प, १२ मार्च २००६

भार्गवी,

तुझं पत्र मिळालं. आत एकच ओळ होती. "दादा, गणपतीत मखराखाली ठेवलेली चार चाकं कुठे आहेत?" मी पाकीट पुन्हा उघडून पाहिलं. दुसरा कागद नव्हता.

सांगतो. पण आधी गाडीबद्दल नीट लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

ती सेडान मी २००३ च्या वसंतात हेरेनफेनच्या विर्समा नावाच्या गृहस्थांकडून घेतली. निवृत्त माणूस. दर हिवाळ्यात बायकोला घेऊन नॉर्वेला जायचे, त्यासाठी त्यांनी ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली होती. बायको गेली आणि त्यांचं जाणं थांबलं. गाडीबरोबर त्यांनी हिवाळी टायर बसवलेली चार चाकं वेगळी दिली. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं होतं, एल-व्ही, आर-व्ही, एल-ए, आर-ए. म्हणजे डचमध्ये डावं पुढचं, उजवं पुढचं आणि तसंच मागचं. नोव्हेंबरात ही चढवायची आणि एप्रिलमध्ये काढायची. इथे हूफडॉर्पला बर्फ क्वचितच टिकतो, म्हणून मी दोन हिवाळे ती चढवलीच नाहीत. तळघरातल्या माझ्या सामानाच्या खोलीत ती उभी असत.

बर्फात साधी गाडी सोडताना पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडीचं नाक इकडेतिकडे हलतं. या गाडीत तसं काहीच होत नाही. ती फक्त निघते. ऑक्टोबरमध्ये मी ती सारंगला देऊन टाकली. उत्तरेकडे हिवाळा खरा असतो आणि मला ऑफिसला ट्रेन पुरते. तो नको म्हणाला होता. मीच आग्रह केला.

पंचवीस नोव्हेंबरला मोठा बर्फ पडला तेव्हा त्याने मला झ्वोलेहून येताना वाटेतून फोन केला होता. तू त्या वेळी घरी होतीस, तुला बहुतेक त्याने नंतर सांगितलं असेल.

"दादा, आख्खा देश रस्त्यात उभा आहे! लोक गाड्यांमधून उतरून एकमेकांना बिस्किटं वाटतायत. मी पुलाच्या चढावर थांबलो आणि परत निघालो. एकदासुद्धा चाक जागीच फिरलं नाही. हे काय भूत दिलंयस मला?"

"जपून चालव."

"जपून काय, रणगाडा आहे हा. डावी-उजवीकडे सगळे घसरतायत आणि मी आपला मधून पालखी निघाल्यासारखा."

त्याचा आवाज फार आनंदी होता.

मागच्या शनिवारी उत्तरेकडे जाऊन आलो. तिकडे अजून बर्फ आहे. ड्राख्टनच्या पुढची ती जागा पाहिली. आता तिथे काही दिसत नाही.

चाकांबद्दल मंडळात चौकशी करतो. सामानाची यादी प्रसन्नकडे असते.

तुझे दिवस भरत आले असतील. सगळं सुखरूप होवो.

चंद्रहास


हूफडॉर्प, ३ सप्टेंबर २००६

भार्गवी,

मुलगी झाल्याचं लतिकामावशींकडून कळलं. आईने सांगितलं नाही. नाव अजून मला माहीत नाही आणि विचारायचा हक्क आहे का तेही माहीत नाही.

सहा महिने मी लिहिलं नाही. प्रसन्नकडे चौकशी करायची गरज नव्हती. चाकं कुठे गेली ते मला माहीत होतं, मार्चमध्येही माहीत होतं.

काल मंडळाचा गणपती झाला, त्याच लायडस्खेनडामच्या हॉलमध्ये. मी गेलो नव्हतो. पण प्रसन्नने गेल्या वर्षीचे फोटो सगळ्यांना पाठवले, त्यात एकात तू आहेस. लाल कापड धरून वाकलेली. तुझ्या हाताशी कापड थोडं वर गेलंय आणि खालचं चाक दिसतंय. खडूची अक्षरंसुद्धा वाचता येतात. म्हणजे तुलाही ती त्या दिवशी दिसली होती.

तुला आठवत असेल, हॉलमधली टेबलं हलकी होती आणि मखर डुगडुगत होतं. बायका म्हणत होत्या की मूर्ती पडली तर अपशकुन. तेव्हा मी म्हणालो होतो की माझ्याकडे चार जड चाकं आहेत, दोनावर दोन ठेवून वर फळी टाकू. मंडळात सात वर्षांत मी सुचवलेली ती पहिली गोष्ट असेल. मी घरी जाऊन ती घेऊन आलो. प्रसन्न माईकवर म्हणाला, "आपल्या चंद्रहासरावांनी यंदा बाप्पाला बैठक दिली आहे," आणि टाळ्या झाल्या. सारंग मागून ओरडला, "उंदीर रिटायर झाला! यंदापासून बाप्पाला फोर व्हील ड्राइव्ह!" सगळे हसले. तूही हसलीस. मला फार बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं.

संध्याकाळी बादलीत विसर्जन झाल्यावर हॉल सहा वाजता रिकामा करून द्यायचा होता. माझ्या गाडीच्या डिकीत मंडळाची पातेली आणि समया होत्या, आणि चार बायकांना स्टेशनवर सोडायचं मी कबूल केलं होतं. त्या कोट घालून दारात उभ्या होत्या. चाकं न्यायची तर परत एक खेप झाली असती. प्रसन्नने हाक मारली, "ही चाकं कुणाची?" मी ऐकलं. मग पुन्हा मोठ्याने, "अहो, ही चाकं कुणाची? हॉलवाला ओरडतोय." तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी पातेलं उचलून बाहेर चाललो होतो. लोकांना थांबवून 'माझी आहेत, जरा वेळ द्या' असं म्हणायला मला जड गेलं. तेवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही. दोघांनी ती उचलून मागच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्याजवळ ठेवली. सोमवारी ती तिथे नव्हती.

महिन्याभराने मी सारंगला गाडी दिली, तेव्हा त्याने विचारलं, "आणि हिवाळी चाकं?" मी म्हणालो, तळघरात आहेत. पंचवीस नोव्हेंबरच्या त्या फोनवर त्याने परत विचारलं. हे मी तुला मार्चच्या पत्रात लिहिलं नाही. मी म्हणालो, पुढच्या खेपेला ये आणि घेऊन जा. त्या वेळी नवी चाकं विकत घेऊन तळघरात ठेवता आली असती. मी दुकानात एकदा गेलोही होतो. खडूची अक्षरं नसलेली नवी चाकं पाहून तो विचारेल आणि मग सगळं सांगावं लागेल, म्हणून परत आलो.

मार्चमध्ये मी उत्तरेकडे गेलो तो नुसती जागा पाहायला नाही. आधी विर्समांकडे गेलो होतो. त्यांनी पुन्हा तसलीच गाडी घेतली आहे. ते स्टेशनवर न्यायला आले. वाटेत मी त्यांना सारंगचं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "माझी चाकं लावली होती ना त्याने?" त्यांनी परत विचारलं नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर घेत म्हणाले, "गाडी देताना मी तुला काय सांगितलं होतं? निघायला ही गाडी चार चाकं वापरते. थांबायला सगळ्याच गाड्या चार वापरतात. तिथे ही काही खास नाही."

सांगितलं होतं. मी ते सारंगला सांगितलं नव्हतं.

गावाबाहेर बंद पडलेल्या एका कारखान्याचं पटांगण आहे, त्यावर बर्फ दाबून घट्ट झाला होता. मी विर्समांना म्हणालो, मला मोजून बघायचंय. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. घरून उन्हाळी चाकं आणि जॅक आणला. आधी उन्हाळी टायरवर ताशी चाळीसने जाऊन ब्रेक मारला. पायाखाली ब्रेक थरथरत राहिला आणि गाडी कुणी ओढून नेल्यासारखी चालतच राहिली. मग खाली उतरून पावलं मोजली. एक्याऐंशी. नंतर चाकं बदलली आणि त्याच जागेवरून, त्याच वेगाने परत केलं. त्रेचाळीस.

अडतीस पावलांचा फरक. नाशिकच्या घराच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीइतकं अंतर होईल.

एक विशेष म्हणजे दोन्ही वेळा गाडी सुटताना सारखीच सुटली. अगदी अलगद, चाक जागच्या जागी न फिरता. चालवणाऱ्याला आपण कुठल्या टायरवर आहोत ते ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही. स्टिअरिंग काही सांगत नाही.

पहिल्या पत्रात मी वेगाचं लिहिलं, ते खोटं होतं. पोलिसांचा अहवाल तेव्हाच माझ्याकडे आला होता. त्यात वेग सत्तरच्या आत दिला आहे. पुढे रांगेच्या शेवटी ट्रक उभा होता. सारंगच्या मागून येणाऱ्या एका बाई वेळेत थांबल्या. त्यांची गाडी लहान आणि पंधरा वर्षं जुनी होती, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. टायर हिवाळी होते.

अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

चंद्रहास


हूफडॉर्प, १२ नोव्हेंबर २००६

भार्गवी,

तुझं दुसरं पत्र आलं. "चाकांचं मला माहीत होतं. तुम्ही लिहिता का, एवढंच पाहायचं होतं. मी फोनवर काय म्हणाले होते ते आईंना सांगा. बाकी मला तुमच्याकडून काही नको." मुलीचं नाव प्रांजली ठेवल्याचंही लिहिलं आहेस. त्याबद्दल आभार.

लतिकामावशींनी मला सांगितलं की आई बारशाला आली नाही आणि तू नाशिकला गेलीस तेव्हा तिने मुलीला हातात घेतलं नाही. लग्नकार्यात, देवळात, जिथे विषय निघेल तिथे ती एकच सांगते, 'तिने फोन करून बोलावून घेतलं त्याला.' मावशी म्हणाल्या, तू उलट काहीच बोलली नाहीस. काय बोलणार होतीस? फोनवर तू होतीस आणि मी होतो. तिसरं कुणी नव्हतं.

म्हणून त्या दिवसाचं जसं झालं तसं लिहितो. चुकत असेन तर सांग.

गुरुवार, २९ डिसेंबर. सारंग दोन दिवस आईला भेटायला माझ्याकडे आला होता. त्या दोन दिवसांत चाकांची आठवण त्याला झाली नाही आणि मी करून दिली नाही. दुपारचे अडीच झाले होते. तो खाली गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. आई खिडकीशी बसून तुझ्या बाळासाठी दुपटं शिवत होती. त्याचा मोबाइल टेबलावर राहिला होता. तो वाजला आणि मी घेतला.

तू म्हणालीस, "दादा, यांना निघू देऊ नका. इथे पाऊस पडतोय आणि पडल्या पडल्या गोठतोय. रस्ता काचेसारखा झालाय. समोरच्या आजी दारातच पडल्या. उद्या दुपारी निघू देत."

मी म्हणालो, "अगं, ही गाडी असल्याच हवेसाठी आहे. काही होत नाही."

"चाकं बदललीत का?"

"तू काळजी करू नकोस."

"दादा, पण बदललीत का?"

"मी बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

सारंग हातावर फुंकर मारत वर आला. "कुणाचा होता?"

"भार्गवीचा."

"काय म्हणतेय?"

इथे मला खरं सांगायचं होतं. पण मग तो म्हणाला असता, चल, खाली जाऊन चाकंच बदलून टाकू. तो तसाच होता, लगेच बाह्या सरसावणारा. मग मी तळघराची किल्ली शोधायचं नाटक केलं असतं, आणि ते फार वेळ चाललं नसतं.

मी म्हणालो, "वाट बघतेय."

"मग निघतोच. एकटी आहे ती." आईने डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. तो म्हणाला, "अगं, एवढे कशाला? तिला डॉक्टरांनी वजन सांभाळायला सांगितलंय." आई म्हणाली, "डॉक्टर काय बाळंतपणं करून बसलाय? घेऊन जा." तो खाली उतरला. मी खिडकीतून पाहिलं. वळणावर सगळ्या गाड्या अडखळत होत्या आणि त्याची सरळ निघून गेली.

साडेपाचला पोलिसांचा फोन आला तेव्हा आई पहिलं वाक्य बोलली ते हे, 'तिने बोलावलं नसतं तर.' मी बाजूला उभा होतो. तेव्हा गप्प बसलो आणि त्यानंतर प्रत्येक दिवशी गप्प बसणं आदल्या दिवसाइतकंच सोपं होतं.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला वर्षश्राद्ध आहे. मी नाशिकला जाणार आहे. तुला बोलावलेलं नाही हे मला कळलं आहे. तिथे मी आईला सांगेन. तोंडाने, समोर बसून. एवढं मी नक्की करीन.

चंद्रहास


हूफडॉर्प, १४ जानेवारी २००७

भार्गवी,

मी आईला सांगितलं.

सांगितलं एवढंच तुला कळवून थांबावं असं वाटत होतं. पण अर्धं लिहायची सवय मला आहे, ती तुला माहीत झाली आहे. म्हणून पूर्ण लिहितो.

श्राद्ध झालं, गुरुजी जेवून गेले. दुपारी चारच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात खाली बसून उरलेलं आवरत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशीचा फोन मी घेतला होता. भार्गवीने त्याला बोलावलं नव्हतं. निघू देऊ नका म्हणाली होती."

ती पातेल्यातली खीर वाटीत काढत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "माहीत आहे."

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नाही. मी परत सांगायला लागलो.

"अरे, माहीत आहे म्हणाले ना. मी काय बहिरी आहे? खिडकीशी बसले होते मी. तू फोनवर म्हणालास, ही गाडी असल्याच हवेसाठी आहे, काही होत नाही. असं कुणाला म्हणतात? ये म्हणणाऱ्याला म्हणतात? नको म्हणणाऱ्यालाच म्हणतात ना? आणि तो वर आल्यावर त्याला म्हणालास, वाट बघतेय. मी सुई ओवत होते. तेव्हाच मनात आलं की हा असं का सांगतोय. पण म्हटलं, थोरला आहे, इतकी वर्षं तिथे राहतोय, त्याला कळत असेल."

"मग तू वर्षभर तिचं नाव का घेत राहिलीस?"

"लोक विचारतात, कसा गेला. काहीतरी सांगावं लागतं. तुझं नाव सांगू?"

मी चाकांचंही सांगितलं. मखर, प्रसन्न, कचऱ्याचा डबा, सगळं. तिने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, "हे आणखी कुणाला बोलला आहेस?"

"भार्गवीला."

"शहाणाच आहेस." वाटीवर झाकण ठेवलं. "हे बघ चंद्रहास, ती दुसऱ्या घरची. तिला आईवडील आहेत, मांडीवर पोर आहे. उद्या लग्नही करेल. मला दोनच होते. एक गेला. दुसऱ्याला मी माझ्या तोंडाने घालवू? आणि कुणासाठी?"

"तिच्या मुलीसाठी. सारंगचीच आहे ती."

"तिला बघितलं की मला तोच दिसतो. म्हणूनच घेतलं नाही हातात." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "आता हे इथेच पुरं. परत माझ्यासमोर काढू नकोस."

भार्गवी, पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. तिने 'माहीत आहे' म्हटलं तेव्हा मला हलकं वाटलं. राग नंतर आला आणि तोही थोडाच. आधी हलकं वाटलं. वर्षभर मी ज्याला घाबरत होतो ते घडून गेलं होतं आणि माझं काहीच गेलं नव्हतं. जे गेलं ते सगळं तुझ्याकडून गेलं होतं.

तेवढ्यात लतिकामावशी आल्या. मी चहा ठेवला. त्या बाहेरच्या खोलीत बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "वर्ष झालं गं. अजून खरं वाटत नाही. त्या हवेत निघाला तरी कशाला तो?"

आई म्हणाली, "तिने फोन केला ना. बोलावून घेतलं." आणि दारातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलायच्या आत बघायची तसं.

मी चहा गाळत होतो. तो गाळून झाला. तीन कप भरले. एकात साखर नको होती, ते लक्षात ठेवून वेगळा ठेवला. ट्रे घेऊन बाहेर गेलो. मावशींनी मला विचारलं, "तू तर तिथेच होतास ना रे?" मी म्हणालो, "हो." मी फक्त 'हो' म्हणालो.

मग त्यांनी आईला विचारलं, "तिकडे असताना दुपटं शिवत होतीस ना तू? दिलंस का पोरीला?" आई म्हणाली, "कामवालीच्या नातवाला दिलं. थंडीचे दिवस होते."

मी मागच्या आठवड्यात परत आलो. विर्समांनी सप्टेंबरात मला त्यांची गाडी घे म्हणून सांगितलं होतं. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून चालवणं सोडलंय त्यांनी. मी घेतली. ऑक्टोबरमध्येच तिला हिवाळी चाकं चढवली. काढलेल्या चाकांवर त्यांच्यासारखंच खडूने लिहिलं आणि तळघरात उभी केली. तेव्हापासून मी वाट पाहतो आहे, पण या वर्षी इथे थंडीच नाही. डिसेंबरात लोक कोट उघडे टाकून सायकली चालवत होते. एकदाही बर्फ पडला नाही. रविवारी मी ड्राख्टनपर्यंत जातो आणि परत येतो. सगळा रस्ता पावसाने ओला असतो. बर्फ नसलेल्या रस्त्यावर हे टायर गुणगुणल्यासारखा आवाज करतात आणि लवकर झिजतात.

तू सांगितलंस तेवढं मी केलं आणि त्याचा तुला काही उपयोग झाला नाही. उद्या आईसमोर कुणी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा गप्प बसेन, हे मला माझ्याबद्दल आता माहीत आहे. तोंडाने मला जमत नाही. कागदावर जमतं. म्हणून खालचा मजकूर वेगळ्या कागदावरही लिहून सोबत ठेवला आहे. इथल्या दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून घेतली आहे. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कशासाठी हवंय? मी म्हणालो, कौटुंबिक.

तो तुझ्याजवळ ठेव. आईला दाखव, मावशींना दाखव, नाशिकच्या घराच्या दारावर लाव. मी अडवणार नाही. आईने ठेवलेलं झाकण मी यात उघडलं आहे, याचं तिला काय वाटेल ते मी सोसेन. किंवा कुणालाच दाखवू नकोस, आणि प्रांजली मोठी होऊन विचारेल तेव्हा दे.

मी, चंद्रहास विनायक पाटणकर, राहणार हूफडॉर्प, असं लिहून देतो की दिनांक २९ डिसेंबर २००५ रोजी दुपारी अडीच वाजता माझा धाकटा भाऊ सारंग याच्या मोबाइलवर त्याची पत्नी भार्गवी हिचा फोन आला, तो मी घेतला. रस्ता गोठला आहे, त्याला आज निघू देऊ नका, असं तिने मला सांगितलं. चाकं बदलली आहेत का, असं तिने मला दोनदा विचारलं. चाकं बदललेली नव्हती आणि ती माझ्यामुळे नाहीशी झाली होती, हे मला माहीत होतं. मी तिचा निरोप सारंगला दिला नाही. ती वाट बघतेय, असं खोटं सांगितलं. तिने त्याला बोलावलं नव्हतं.

चंद्रहास विनायक पाटणकर